सारवलेलं ब्राऊन

आमच्या गोल्फच्या मैदानावर गवताची एक काडीसुद्धा नव्हती. दुबईहून शारजाकडे जाताना कंपनीचा कॅम्प लागे. त्याच्या मागे वाळूत साहेब लोकांनी झेंडे रोवले होते, तेच मैदान. हल्ली माझा नातू फवाऱ्यांवर पोसलेल्या हिरवळीवर खेळतो आणि त्याला गोल्फ म्हणतो. म्हणो बापडा. साठच्या दशकात आम्ही जे खेळायचो ते त्याला एक दिवस खेळायला लावलं पाहिजे.

प्रत्येकाच्या काखेत पायपुसण्याएवढा चटईचा तुकडा असायचा. बॉल वाळूत रुतला की त्या तुकड्यावर ठेवून मारायचा, मग चटई उचलून पुढे चालू लागायचं. शेवटी बॉल झेंड्याखालच्या ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवतीच्या जागेला इंग्रज ग्रीन म्हणतात. आमच्याकडे ती वाळूत तेल कालवून, दाबून काळीभोर केलेली असायची, आणि तिला म्हणायचे ब्राऊन. काळ्याला ब्राऊन का, या भानगडीत स्टोअरच्या कारकुनाने पडू नये. तो कारकून मी.

मला या खेळात ओढलं ते आमच्या इंजिनियर साहेबाने. त्याचा जोडीदार रजेवर गेला होता आणि एकट्याने खेळण्यात त्याला गंमत वाटेना. राग सदा नाकावर. फटका चुकला की काठी भिरकावायचा, आणि मग ती आणायला स्वतःच वाळू तुडवत जायचा. मला तो माणूस आवडायचा.

त्याच हिवाळ्यात माझी बायको रत्नागिरीहून बोटीने आली होती. कंपनीने दिलेली सिमेंटची खोली चांगली होती, पण झाडायला अंगण नाही, सारवायला ओटी नाही, बोलायला शेजारीण नाही. बिचारी करणार काय? तिने ट्रंकेतलं सामान फळीवर लावलंच नाही. लागेल तेवढं कापड काढायची आणि झाकण लावायची. एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं, पुढल्या शुक्रवारच्या बोटीने मला माघारी पाठवा. ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. मी बरं म्हणालो. माझा तिच्यावर फार जीव होता, पण असलं काही बोलून दाखवायची आमच्यात रीत नव्हती.

बोटीच्या आधीचा शुक्रवार आला. घरात दोघांनी एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून जुम्म्याची नमाज झाल्यावर तिला मैदानावर घेऊन गेलो. साहेबाच्या काखेतली चटई बघून तिने मला हळूच विचारलं, हासुद्धा नमाजी आहे का. खेळ बघून मात्र तिची निराशा झाली. एवढे मोठे बाप्ये बॉल लांब मारतात आणि मग उन्हात शोधत हिंडतात, यात काय ते तिला कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नव्हतं.

साहेबाचा खेळ त्या दिवशी असा रंगला होता, की आजवरचा आपला सगळ्यात चांगला डाव आज होणार म्हणून तो शीळ घालत होता. शेवटच्या भोकाच्या आधी त्याचा बॉल टेकाडामागे हरवला. बायको दमली होती. तिला मी पुढे पाठवलं, ब्राऊनशेजारच्या काटेरी झाडाखाली बस म्हणालो. बॉल सापडायला बराच वेळ लागला. तो मारून आम्ही टेकाड चढून आलो, आणि बघतो तर झेंडा गायब.

ब्राऊनवरून बकऱ्यांचा कळप गेला होता, असं नंतर कळलं. खुरांनी उखडलेली ती काळी जमीन बघून हिला राहवेना. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचला आणि मागे सरकत सरकत हाताने सगळं ब्राऊन सारवून काढलं, आमच्या ओटीसारखं, बोटांच्या अर्धगोल रेघांचं. झेंड्याची काठी झाडाला नीट टेकवून ठेवली होती. भोक कुठेच दिसत नव्हतं.

साहेब आता काठी भिरकावणार, ओरडणार, आणि ही उद्याच निघते म्हणणार. साहेबाने विचारलं, हे कोणी केलं? मी तिच्याकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे हात घेऊन ती उभी होती.

"भोक होतं, मी बुजवलं," ती मला म्हणाली. "बकरीचा पाय मोडला असता. आत डबा पुरला होता, चांगला आहे. कोथिंबीर लावायला होईल."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब ब्राऊनभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. रेघांवर त्याने पाय ठेवला नाही. मग खाली बसून बूट काढले, आणि मला म्हणाला, "तिला विचार, भोक कुठे पाडू?"

ती मागे सरली. मग दोन्ही हात पुसत तिने सगळीकडे नजर टाकली आणि एका कडेला बोट दाखवलं. मधोमध नको, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडतो. साहेब रेघांच्या कडेकडेने अनवाणी गेला आणि तिथे भोक पाडलं. डब्याशिवायच, कारण डबा तिने दिला नाही आणि त्याने मागितला नाही. त्याचा पहिलाच फटका तिच्या रेघांवरून वळत वळत भलतीकडे गेला. डाव फुकट गेला. मी डोळे मिटले, पण काठी हवेत गेली नाही. साहेब हसत होता, आणि कितीतरी दिवसांनी माझी बायकोही हसत होती, तोंडावर पदर घेऊन.

घरी आल्यावर ती रॉकेलच्या बोळ्याने हात घासत बसली. तेल काही निघेना.

"हे शेणासारखं धरत नाही," ती म्हणाली. "बकऱ्या पुन्हा उखडणार. पुढल्या शुक्रवारी परत सारवावं लागेल."

"पुढल्या शुक्रवारी बोट आहे," मी म्हणालो.

तिने वर बघितलं नाही. "ट्रंकेत तळाशी जुनं लुगडं आहे, ते काढा पुसायला," ती म्हणाली. "वरचं सगळं फळीवर ठेवा. नीट ठेवा."