दोन हातांचा चाकू

तो चाकू मी आजही मनातल्या मनात शिव्या देतच उघडते.

आमचे हे तेव्हा आगबोटीवर खलाशी होते. जर्मनीशी दुसरी मोठी लढाई अजून लांब होती. महिन्याभराच्या रजेवर पावस गावी घरी आले, ते हा घडीचा चाकू घेऊन. जड तर एवढा, की खिशात टाकला की सदरा एका बाजूला ओढला जायचा. पातं पाठीला करंगळीएवढं जाड, शिंगाची मूठ, आणि आतली स्प्रिंग अशी ताठ की उघडायला दोन्ही हात लागत. मिटताना मात्र उंदराच्या सापळ्यासारखा खाडकन मिटायचा.

खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला होता. आंब्याच्या पेटीचे खिळे त्याने उचकटले, गंजलेल्या डब्याचं झाकण काढलं. वाडीतले बाप्ये येऊन हातात वजन बघायचे, उघडमीट करायचे आणि माना डोलवायचे. कांदा चिरायला घेतला तर मात्र चिरण्याऐवजी फुटायचा. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

बोटीवर परत जायला आठ दिवस राहिले होते. परसातल्या माडाचे नारळ उतरवायचे होते. आमच्याकडे माडावर चढणारा कमरेला मागे लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. एक हात माडाला, एक कोयतीला. ह्यांचं सगळं लहानपण त्यात गेलेलं. तरी त्या दिवशी आकडी खुंटीवरच राहिली.

"अवो, कोयती घ्या ना. त्या चाकूचा काय काम माडावर?"

"तुला काय कळताय त्यातला? बोटीवर दोरखंड कापतो आम्ही ह्यानं."

दोरखंड बसून कापतात, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्याचाही राग आहेच.

वर गेल्यावर एका हाताने चाकू उघडेना. मग दातात धरून उघडला. खाली उभी राहून मी ओरडत होते, ते ऐकायचं नाव नाही. आणि सवयीने त्यांनी कोयतीसारखा घाव घातला. देठ होता टणक. पातं उलटं फिरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर मिटलं. चाकू खाली पडला, नारळ वरच राहिला. हे कसे उतरले देव जाणे, माडाला रक्ताचा ओघळ होता.

डॉक्टरांनी बोटं शिवली, जखम भरली, पण ती दोन बोटं काही वाकेनात. ज्याला दोर आवळता येत नाही त्या खलाशाला बोटीवर कोण घेणार? एका घावात नोकरी गेली.

आणि हे काय म्हणाले? "चाकू चांगलाच आहे. चूक माझी झाली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक तुमची होती हे मला ठाऊक नव्हतं का? त्या लोखंडाची बाजू कशाला घ्यायची?

विहिरीत टाकते म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. अजून त्याला खोबरेल लावतात, फडक्याने पुसतात. सुपारीचं पोतं आलं की सुतळी कापायला तोच हवा. मग चुलीपाशी येऊन माझ्यासमोर धरतात, खाली बघत.

"उघडून दे गो जरा."

हातातलं काम टाकून, दात-ओठ खात, मी दोन्ही हातांनी तो उघडून देते.