गटारपट्टीचं पाकीट

जपानातल्या ग्योतोकुतली आमची गल्ली इतकी सखल की पाऊस जरा लांबला की सगळ्यांची नजर गटाराकडे. पाणी उपसायचा पंप गल्लीचाच होता आणि त्याच्या खर्चाची वर्गणी दरवर्षी पाळीपाळीने एका घराने गोळा करायची. ज्याच्या घराची जितकी लांबी गटाराला लागून, तितकी त्याची वर्गणी. मी तिला गटारपट्टी म्हणायचे. त्या वर्षी पाळी आमची आली.

मला कोण आनंद झाला! नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी, नोकरीची परवानगी नाही, आणि आता हातात मोजपट्टी. गल्लीचे प्रमुख असलेले आजोबा एक टोक धरायचे, मी दुसरं. मग दारोदार वाकून नमस्कार, पैसे, पावती. माझं मोडकंतोडकं जपानी कुणाला खटकलं नाही.

सगळी वसुली आजोबांकडे दिल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी एक पाकीट पुढे केलं. "मोजणी-वसुलीचा मेहनताना. ज्याची पाळी असते त्याला देतोच आम्ही." मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा पुढे केलं. परत नको म्हणायचा धीर मला झाला नाही.

घरी नवऱ्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "अगं, आपली पीआरची फाइल इमिग्रेशनकडे आहे. तुला वर्क परमिशन नाही. हे पेड वर्क आहे म्हणाले तर?"

पीआर म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. दुसऱ्या दिवशी सायकलवरून एक पोलीस गल्लीतून गेला, तर मी पडदा ओढून भिंतीला टेकून उभी राहिले. लेक 'इत्तेकिमास', म्हणजे 'जाऊन येते', म्हणत शाळेला निघाली आणि वाटलं, हिची शाळा आता माझ्यापायी सुटणार. घाबरट म्हणा हवं तर. दुसऱ्याच्या देशात राहून बघा एकदा.

शेवटी पाकीट घेऊन आजोबांचं दार वाजवलं. "हे मला घेता येत नाही. कायद्यात बसत नाही," एवढंच मला जपानीत जमलं.

आजोबा पांढरेफटक पडले. "सिटी ऑफिसातून कुणी विचारायला आलं होतं का?"

इतकी वर्षं गल्लीतले सगळे हे पाकीट घेत आले होते, तेसुद्धा. मी माझ्या व्हिसाबद्दल बोलतेय हे सांगायला शब्द जुळवेपर्यंत त्यांनी पाकीट घेतलं होतं आणि दार लावलं होतं.

वर्षभरात पीआर मिळालं. वर्गणी न्यायला शेजारच्या काकू आल्या, तेव्हा मी उत्साहाने सांगितलं की आता मला कुठलंही काम करायला बंदी नाही. त्या हसल्या, वाकल्या. "तुमच्या घराची पाळी आता येणार नाही हं. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तुम्हाला उगाच त्रास नको."

त्या गेल्यावर मला भीती वाटली, आधीपेक्षा जास्त. व्हिसासाठी निदान अर्ज करायला एक ऑफिस होतं.