खिंडीपलीकडचं वळण

एदुविनाच्या नाकावर राग असतो असं चिलीतल्या मालालकावेयोत कुणी म्हणालं, की समजावं, माणूस गावात नवा आहे. तिचा राग नाकावर मावण्यातला नव्हताच. बर्फाच्या उतारांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची पत्र्याची शेड. तिथं ती स्की आणि बूट भाड्यानं द्यायची, स्कीच्या तळाला इस्त्रीनं मेण लावायची आणि गिऱ्हाइकांना झाडायची. सांतियागोहून आलेला एखादा साहेब बूट घट्ट होतात म्हणाला, तर ती म्हणे, "सैल हवेत तर सपाता घाला आणि हॉटेलात बसा." तरी लोक तिच्याकडेच येत. तिनं दिलेला बूट पाय मोडू देत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सगळं जग सुट्टीवर येतं तेव्हा या गावानं राबायचं, ही इथली रीत. ऑगस्ट सरत आला की पाहुणे पांगतात आणि मग गावातली माणसं स्वतः निघतात. व्हॅन भरायची, एका खिंडीतून अर्जेंटिनात उतरायचं, वाटेतल्या दोन-तीन ठिकाणी स्की करायची आणि दुसऱ्या खिंडीतून घरी यायचं. कुठली खिंड, कुठला उतार, रात्री कुठं टेकायचं, हे एदुविनाच्या स्वयंपाकघरात रविवारच्या संध्याकाळच्या चहाला ठरायचं. तिचा नवरा सिक्स्तो होता तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

सिक्स्तो तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. काव्यावेच्या उतारांवरून परत येताना, पिनो आचादोच्या खिंडीपलीकडे, अर्जेंटिनाच्या बाजूच्या एका वळणावर, घसरत आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. बरोबर त्याचा धाकटा भाऊ रिगोबेर्तो होता. त्याच्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही. एदुविना स्वतः गाडी चालवत नव्हती. तिला तिथवर कोण नेणार, आणि अर्जेंटिनाकडे जाणारी बस कुणासाठी वळणावर थांबत नाही. वळण कुठलं ते माहीत होतं एकट्या रिगोला.

रस्त्यावर माणूस गेला की तिथंच त्याला छोटंसं घर बांधतात, अनिमिता म्हणतात त्याला. बाहुलीच्या घराएवढं असतं, पण ते नसेल तर जीव रस्त्यावर उघडा पडून राहतो असं आमच्याकडे मानतात. रिगोनं पहिल्याच उन्हाळ्यात येऊन सांगितलं होतं, "बांधलं वहिनी. निळं रंगवलं. वर पत्रा घातला." त्यानंतर दर वर्षी मृतांच्या दिवशी एदुविना त्याच्या हाती मेणबत्त्या द्यायची, कागदी फुलं द्यायची, आणि तो परत येऊन सांगायचा की सगळं ठीक आहे, पत्रा शाबूत आहे.

पण सहलीचा रस्ता आखायला बसलं, की तो पिनो आचादोचं नाव घेऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी वारा होता. दुसऱ्या वर्षी खिंड बंद होणार अशी त्याला कुणीतरी खबर दिली होती. ती खबर पुढं खोटी निघाली.

या रविवारी त्यानं नकाशा मेणकापडावर पसरला, कडेला मुरंबा सांडला होता तो कोपरानं झाकला आणि बोट थेट दक्षिणेला ठेवलं. "इकाल्माच्या खिंडीतून जाऊ. बातेआ माविदाला एक दिवस, मग चापेल्को, आणि पुकोनवरून घरी. रस्ता गुळगुळीत आहे."

"काव्यावे?" एदुविनानं विचारलं.

"काव्यावेला बर्फ नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

त्याची बायको क्लोरिंदा पावाला लोणी लावत होती. तिला नवऱ्याची चलाखी माहीत नव्हती, म्हणून तिनं सरळ फोन बघून सांगितलं, "अगं बाई, काव्यावेला तर कमरेएवढा बर्फ आहे. खिंडही उघडी. आठवडाभर ऊन दाखवतंय."

रिगोनं बायकोकडे असं पाहिलं की तिनं सुरी खाली ठेवली.

"ऊन असलं तरी बर्फात चाकांना साखळ्या लावाव्या लागतील," तो म्हणाला. "गाडी म्हातारी आहे. वहिनी, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. ती जागा बघून तुला त्रास होईल."

एदुविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं भलं तुझ्या हातात कुणी दिलं रे? तीन वर्षं मला गुरासारखी दुसऱ्या वाटेनं हाकतोयस. नवरा माझा, वळण माझं, आणि ते बघायचं की नाही हे तू ठरवणार? तुला वाटतं मी तिथं रडत बसेन? मी त्याच्याशी भांडायला चाललेय. मला टाकून गेला त्याचा जाब मागायचाय."

"पुढच्या वर्षी जाऊ की."

"पुढच्या वर्षी तू म्हणशील रस्ताच चोरीला गेला." तिनं नकाशा ओढला. चहाचा कप कलंडला, कुणी तो उचलला नाही. "लोनकिमाय, पिनो आचादो, काव्यावे. त्यापुढं तुम्हाला तेल लावलेल्या पाटीवरून घसरत जायचं असेल तरी चालेल. नाहीतर मी दुधाच्या ट्रकमधून जाते, आणि गावभर सांगते की दिरानं नेलं नाही."

ती हे करेल याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. बुधवारी सकाळी स्की छतावर बांधल्या गेल्या.

बोगदा पार करून लोनकिमायला जाईपर्यंत क्लोरिंदा एकटीच बोलत होती. मग तीही थकली. सीमेवरच्या चौकीत शिपायानं पिशव्या उघडून सफरचंदं काढून घेतली, त्यावरून एदुविना त्याच्याशी तावातावानं भांडली, आणि तिला जरा बरं वाटलं. रिगो मात्र गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकत होता. अराउकारियाची झाडं विरळ झाली. खिंडीचा माथा ओलांडून उतार लागला तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"वहिनी, तिथं काही नाहीये."

"म्हणजे?"

"घर नाहीये. मी बांधलं नाही. मी चौकीपर्यंत यायचो आणि परत फिरायचो."

एदुविनाला आधी वाटलं आपण ऐकलंच नाही. "आणि मेणबत्त्या?"

"माझ्या कोठारात आहेत. सगळ्या. फुलंसुद्धा."

क्लोरिंदानं कपाळावर हात मारून घेतला.

"निळा रंग," एदुविना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त भयंकर वाटला. "पत्रा शाबूत आहे म्हणालास. माझ्या घरात, माझा पाव खाताना म्हणालास. मी रात्री निजताना म्हणायचे, निदान त्याच्या डोक्यावर छप्पर आहे. तीन हिवाळे तो उघड्यावर पडलाय, आणि तू मला रंग सांगत होतास."

रिगोनं स्टिअरिंगवरचे हात सोडले नाहीत. "आमच्यात ठरलेलं असतं ना, चालवणाऱ्यानं उतरायचं नाही. बाजूला बसलेल्यानं साखळ्या लावायच्या. त्या दिवशी बाजूला मी होतो. मी झोपलो होतो. त्यानं मला उठवलं नाही, आपणच उतरला. ट्रक आला तेव्हा माझ्या जागी तो वाकला होता. मला त्या वळणावर उभं राहता येत नाही, वहिनी."

त्याची दया यायला हवी होती. तिला ती आली नाही. झोपल्याचा तिला राग नव्हता, झोप कुणालाही लागते. खोट्या निळ्या रंगाचा होता. "चालव," ती म्हणाली.

दोन वळणं खाली गेल्यावर रिगोचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. इथंच, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. डोंगराच्या बाजूला, दगडांच्या चौथऱ्यावर एक छोटंसं घर उभं होतं. लाकडी, छपरावर जाड पत्रा, भोवतालचा बर्फ कुणीतरी फावड्यानं नीट बाजूला सारलेला.

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल," क्लोरिंदा पुटपुटली.

एदुविना उतरली. घराच्या पाठीला एक मोडकी पिवळी स्की उभी खिळवली होती. तिच्या तळाला आपणच लावलेलं मेण तिनं ओळखलं, वर इस्त्रीचा डागही होता, त्या डागावरून तिचं आणि सिक्स्तोचं भांडण झालं होतं. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, विझलेल्या मेणबत्त्यांचे थर होते. भिंतीवर नवस फेडणाऱ्यांच्या फळ्याच फळ्या, कुणी रंगानं लिहिलेल्या, कुणी खिळ्यानं कोरलेल्या. 'स्कीवाल्या भाऊराया, ब्रेक फेल झाले तेव्हा गाडी धरलीस, उपकार.' 'बायकोचं ऑपरेशन पार पडलं, उपकार.' 'गिअरबॉक्स घरापर्यंत टिकला.' ट्रकवाल्यांच्या सह्या होत्या, चिलीचे आणि अर्जेंटिनाचेही. ज्याच्यासाठी हे सगळं होतं त्याचं नाव मात्र कुठं नव्हतं. ते त्यांना माहीतच नव्हतं.

एदुविनानं सगळ्या फळ्या वाचल्या आणि मग तिचा बांध फुटला.

"गिअरबॉक्स," ती त्या घराला म्हणाली. "परक्याचा गिअरबॉक्स. आणि माझ्या शेडचं छप्पर गळतं ते? लग्न झाल्यापासून सांगतेय, उद्या करतो, उद्या करतो. घरच्यांना उपास आणि बाहेरच्यांना पंगत. तीन वर्षं मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागतेय, एकदा स्वप्नात ये म्हणून. तेवढं तुला जमत नाही, आणि इथं लोकांची ऑपरेशनं करत बसलायस." ती हातमोज्यानं नाक पुसत होती आणि बोलत होती, बोलत होती आणि रडत होती. शेवटी दमून ती बाजूच्या दगडावर बसली.

रिगो गाडीतून उतरला नव्हता. खालून लाकडं भरलेला एक ट्रक धापा टाकत वर आला, वळणावर थांबला. म्हातारासा ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन उतरला, ती घरात ठेवली, छातीवर क्रुसाची खूण केली. मग त्यानं दगडावर बसलेल्या बाईकडे पाहिलं.

"तुमचंही काम केलं का यानं, बाई?"

"नाही," एदुविना म्हणाली. "मी त्याची बायको."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. वारा बोचरा होता, तरी त्यानं ती पुन्हा घातली नाही. "हे आम्ही ट्रकवाल्यांनी बांधलंय," तो म्हणाला. "घरचं कुणी आलं नाही, म्हटलं बिचाऱ्याला कुणी नसेल. नाव काय होतं हो? एवढी वर्षं आम्ही त्याला नुसता स्कीवालाच म्हणतोय."

एदुविनानं मागं व्हॅनकडे पाहिलं. ती उठून व्हॅनपाशी गेली आणि तिनं रिगोच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर," ती म्हणाली. "त्यांना नाव हवंय. तू सांग."

रिगो उतरला. बर्फ निसरडा होता, पण तिनं हात दिला नाही. तो घरापर्यंत चालत गेला, पिवळ्या स्कीला हात लावून उभा राहिला. म्हातारा टोपी हातात धरून थांबला होता.

"सिक्स्तो," रिगो म्हणाला. "माझा थोरला भाऊ. माझ्या जागी उतरला होता."