दोन बहिणी, दोन गोळ्या आणि तोरणमाळ

थंडी सुरू झाली तशी मी नाशिकहून शहाद्याची एसटी पकडली. यंदा तोरणमाळ बघायचंच, असं सुमनताईला फोनवर सांगून टाकलं होतं. ताई, माझी मोठी बहीण, शहाद्याला लागूनच लोणखेड्यात राहते. तिथून तोरणमाळ दीड-दोन तासांवर, पण लग्न होऊन आल्यापासून ती एकदाही वर गेली नव्हती. घाटाच्या वळणांवर आंबट पाणी घशाशी येईल, ही धास्ती. दुखणं माझंही तेच. वाटेत दोंडाईच्याला भजी खाल्ली आणि लोणखेड्यापर्यंत छाती जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदयाचं दुखणं नाही ना, हे बघायला त्यांनी आधी दोघींचा ईसीजी काढला, गिळताना अडकतं का, वजन घटलंय का ते विचारलं. मी पँटोप्राझोल जेवणानंतर घ्यायचे, तेही आठवलं तर. तीच गोळी रोज न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्या, पूर्ण गुण यायला चार-पाच दिवस लागतील, असं त्यांनी बजावलं. ताईला मात्र ती नेमानं घेऊनही फरक नव्हता. तिला व्होनोप्राझान दिली: महाग, पण पहिल्याच दिवसापासून आम्ल दाबणारी, जेवणाआधी-नंतर कधीही चालणारी.

मग रोज सकाळी आमची तुलना. दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाली, "रातभर आडी झोपनू. काहीच जळनं नही." मी मात्र अजून उशीला टेकून बसत होते. तिसऱ्या दिवशी तोरणमाळला जायला जीप ठरलेली. तू जाऊन ये, मी थांबते, असं मी म्हटलं.

ताईनं सरळ जीपवाल्या सलीमभाईंना फोन करून जायचा दिवस पुढे ढकलला. "इतला वरीस थांबनू, आखो तीन दिन थांबसू. तुन्हाबिगर नही."

पाचव्या सकाळी मला जाग आली ती भुकेनं. घसा मोकळा, छाती शांत.

सहाव्या दिवशी निघालो. म्हसावद, राणीपूर, मग सातपायरी घाट. रस्ता अरुंद आहे; तुम्ही कधी गेलात तर सकाळीच निघा आणि पोट हलकं ठेवा. सलीमभाई प्रत्येक वळणाआधी वेग कमी करून आरशात आमच्याकडे बघत. शेवटच्या वळणानंतर त्यांनी विचारलं, "ताई, बरं शे ना?" ताईनं हसून खालच्या दरीकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भरले होते. वर यशवंत तलावाकाठी आम्ही भाकरी आणि भरीत खाल्लं, मिरची बेतानं, आणि तासभर चाललो.

परतल्यावर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दोघींवरून औषधाचा निकाल लागत नाही, त्या हसून म्हणाल्या; कोणाला कोणती गोळी, ते तपासूनच ठरतं. ताईला आराम लवकर पडला, मला उशिरा, पण पडला.

आता नाशिकला मी गोळी वेळेवर घेते. फोनमध्ये तोरणमाळच्या कड्यावरचा ताईचा एक फोटो आहे. कित्येक वर्षांत ताईचा हात छातीवर नसलेला तो पहिलाच. दोन्ही हात तिनं वर उचललेत.