माझ्या वरची ओळ

आमच्याकडे वैमानिकांची एक ज्येष्ठता यादी असते. कोण कधी नोकरीला लागलं त्यावरून नंबर, आणि त्या नंबरावर जवळजवळ सगळं आयुष्य: दिवाळीची सुट्टी, कोणत्या शहरातून उडायचं आणि मुख्य म्हणजे कोणतं विमान. नवी विमानं आली की कंपनी जागा जाहीर करते आणि आम्ही बिड टाकतो. म्हणजे संगणकावर पसंती भरायची. पहिली मोठं विमान मुंबई, दुसरी मोठं विमान दिल्ली, तिसरी आहे ते बरं आहे. मुदत संपली की यादी वरून खाली वाचली जाते. वरच्याला हवं ते, खालच्याला उरेल ते. ज्याला जागा मिळते त्याच्या हातात ट्रेनिंगची तारीख पडते. मला ही पद्धत आवडायची. निदान कोणाची हांजी हांजी करावी लागत नाही.

माझ्या वरच्या ओळीत तो होता. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. अशा वेळी जन्मतारीख बघतात आणि तो माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा निघाला. त्याचे आजोबा मालवणकडून गिरणीत आलेले, तो वाढला मुलुंडमध्ये. मीही तेव्हा मुलुंडलाच आईबरोबर राहत होते, त्यामुळे कंपनीची गाडी आम्हा दोघांना एकत्र न्यायची-आणायची. मी सुट्टीवरून कुरकुरले की तो मुद्दाम मालवणीत सांगायचा, "मोठो आसंय गो मी. अकरा दिवस म्हणजे काय खेळ वाटलो तुका?" मी त्याला आजोबा म्हणायचे. आम्ही दोघंही छोट्या विमानावर को-पायलट होतो आणि दोघांनाही मोठं हवं होतं. मला हवं होतं. त्याला त्याचं वेड होतं.

मग एकदा मोठ्या विमानाच्या तीन जागा निघाल्या. दोन दिल्लीच्या, एक मुंबईची. आमच्या वरच्यांना छोट्या विमानाची कॅप्टनकी जवळ दिसत होती, ते हलणार नव्हते. म्हणजे मुंबई त्याला आणि दिल्ली मला, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दिल्लीला तो जाणं शक्य नव्हतं. बायको मुलुंडच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दीड वर्षाची.

बिड बंद होण्याआधी आमच्यात फोनाफोनी चालते, तू काय टाकलंस, तो काय टाकणार. तेवढं चालतं. पण वरच्याला 'तुझी बिड काढून घे' म्हणणं आमच्यात बसत नाही. कोणी म्हणत नाही. मी म्हटलं.

दुपारची वेळ होती. उड्डाण संपवून आम्ही कंपनीच्या गाडीतून घरी चाललो होतो. घाटकोपर मागे पडल्यावर मी बोलले. आईला अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झालेत, तिला सोडून मी दिल्लीला कशी जाऊ, या वेळी तुझी बिड काढशील का, असं म्हटलं. आवाजही जरा पाडला. विक्रोळी आली तशी त्याने खिशातून फोन काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "काढली."

"अरे, वहिनीला तरी विचार."

"आईपुढे काय विचारायचं यार? विमान कुठे पळून जातंय? पुढच्या फेरीला घेतो ना."

आईला झटका आला होता हे खरं होतं. पण गाडीतल्या त्या बोलण्याच्या चार दिवस आधी नाशिकचा माझा भाऊ येऊन सगळं ठरवून गेला होता. आई त्याच्याकडे राहायला जाणार होती, तिची बॅगही भरून दाराशी ठेवलेली होती. मला मुंबई हवी होती ती आईसाठी नव्हे. दिल्लीला जायचा कंटाळा होता, इथली माणसं, इथलं खाणं, माझ्या सवयी सोडवत नव्हत्या. एवढंच. त्याला मोठं कारण काही नाही.

जागा मला मिळाली. आई नाशिकला गेली आणि मी अंधेरीत फ्लॅट घेऊन राहू लागले. मरोळला तीन महिन्यांचं ट्रेनिंग सुरू झालं. आधी वर्ग, मग सिम्युलेटर. माझी जाडजूड पुस्तकं तो उसनी न्यायचा आणि मला फोनवर प्रश्न विचारायचा. मी उत्तर चुकले की चिडायचा. पुढे आपल्याला लागेलच म्हणून आत्ताच वाचून ठेवतोय, असं म्हणायचा. माझी परीक्षा चांगली झाली त्यातला अर्धा वाटा त्याचा.

ट्रेनिंग सुरू झाल्यापासून आठ महिन्यांनी तो घरी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. तपासण्या झाल्या, मेंदूच्या आलेखात काहीतरी दिसलं. वैमानिकाच्या मेडिकलमध्ये असं काही दिसलं की वाट लागली. त्याला 'तात्पुरता अपात्र' ठरवून ड्युट्या लावायच्या ऑफिसात बसवलं. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा तपासून घ्यायला जातो आणि ते 'तात्पुरता' तसंच पुढे सरकतं. याला आता चार वर्षं झाली. त्या दिवशी त्याने बिड काढली नसती, तर पाच महिने तरी त्याने ते विमान उडवलं असतं. हा हिशेब मी किती वेळा केलाय याला गणती नाही.

तो अजून बिड टाकतो. अपात्र असला तरी यादीत नाव आहे, त्यामुळे फॉर्म उघडतो. दर निकालात माझ्या वरच्या ओळीत त्याचं नाव येतं, पुढे पसंती 'मोठं विमान, मुंबई', आणि त्यापुढे शेरा, 'वैद्यकीय कारणाने वगळले'. निकाल बघायचा म्हणजे ती ओळ वाचूनच खाली यावं लागतं. देवळाबाहेरून दुसऱ्याच्या चपला घालून आलेल्या माणसासारखी मी त्या विमानात बसते. समुद्र लागला, काम जरा हलकं झालं की वाटतं, आता तो हायड्रॉलिकचा प्रश्न विचारेल. कधीकधी मी मनात उत्तरही देते. भीती वाटते मला त्याची. जिवंत, सज्जन, रोज ऑफिसात जाणाऱ्या माणसाची.

आणि दर मे महिन्यात तो गावाहून आईसाठी कुळथाचं पीठ पाठवतो. आई नाशिकला काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ फिरते, तिचं उत्तम चाललंय. आई माझ्याकडेच आहे असं त्याला वाटतं, म्हणून पीठ अंधेरीला येतं. ती पिठी मी एकटी खाते, कारण टाकून देववत नाही.

गेल्या महिन्यात नवी बिड निघाली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी मुलुंडला त्याच्या घरी गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्याच्यासाठी नव्हे, मला सुटायचं होतं म्हणून. तो लॅपटॉप घेऊनच बसला होता. "बघ गं, या वेळी मुंबईच्या दोन आहेत," म्हणाला. मग विचारलं, "आई काय म्हणतात?"

मी सांगितलं. भाऊ येऊन गेला होता, बॅग भरलेली होती, मला माहीत होतं, सगळं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने लॅपटॉप मिटला. "मुलगी विचारते ना," तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मोठं विमान का नाही उडवलं? मी तिला सांगतो, एक आजी आजारी होती, तिच्यासाठी सोडलं. तिने शाळेत निबंधात लिहिलंय." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "आता तिला काय सांगू?"

वहिनी चहा घेऊन आल्या, तो आम्ही तिघांनी प्यायला, आणि मी निघाले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता वहिनींचा फोन आला. "ताई, काल काय बोलणं झालं तुमचं? हे नीट जेवले नाहीत. बिड टाकायची नाही म्हणतात. पाच वाजता बंद होते ना? इतक्या वर्षांत एकदाही चुकवली नाही हो त्यांनी. तुमचं ऐकतात, तुम्ही जरा समजवा ना."

मी हो म्हटलं. फोन हातात घेऊन बसले. त्याला काय म्हणणार होते मी, बिड टाक? साडेचार झाले, मग पावणेपाच. पाच वाजले तेव्हा त्याचं नाव समोर उघडलेलं होतं आणि मी फोन लावला नव्हता.