बंबापासून दहा पावलांवर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सुरुवात करते, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

मी अंबरनाथची. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले आणि हवेच्या एका प्रकल्पात लागले. देशभरातल्या हवेत जी अगदी बारीक धूळ असते — डोळ्यांना न दिसणारी, थेट छातीत उतरणारी — ती नेमकी कुठून येते, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं होतं. गाड्यांची किती, कारखान्यांची किती, चुलींची किती. गणित मांडणारे लोक मोठे, दिल्ली-मुंबईचे. माझं काम त्यांना धूळ पुरवायचं. बदलापूरकडच्या चामटोलीजवळ एका वस्तीत शाळेच्या छतावर मशीन बसवायचं. ते दिवसभर हवा ओढणार, आतल्या पांढऱ्या गोल कागदावर धूळ बसणार. रोज सकाळी चिमट्याने जुना कागद काढायचा, नवा घालायचा, फॉर्म भरायचा. एवढंच.

इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं होतं, छतांवर चढावं लागेल, जमेल ना? मी तोऱ्यात म्हटलं, न जमायला काय झालं?

नाही जमलं. शाळेच्या छतावर जायला उभी लोखंडी शिडी होती. चौथ्या पायरीवर मी खाली बघितलं आणि शिडीला मिठीच मारली; कशीबशी उतरून शाळेच्या पायरीवर बसले. हसताय ना? हसा. पण सांगणार कोणाला — ज्या नोकरीसाठी महिनाभर घरात भांडले, ती चार पायऱ्यांवर अडली म्हणून? मशीन चढवायला आलेल्या दोघांना मी सांगितलं, जागा बदललीय.

शाळेला लागून हिराकाकूंचं घर. सपाट अंगण, ओसरीत प्लग, आणि काकूंनी एका शब्दात दिलेली परवानगी. घरात त्या, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात, स्वरा. स्वराला दमा. आणि अंगणात, मशीनपासून दहा पावलांवर — आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब. लाकडं घालून रोज सकाळी पेटायचा.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी विचारलं, "पोरी, माज्या बंबाचा धूर तुज्या मशीनला लागल काय? लागत असल तर बंब मागल्या दारी नेऊ."

शाळा न शिकलेल्या बाईला जे कळलं, ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण बंब हलला असता, तर वस्तीत विषय निघाला असता, मशीन शाळेवर का नाही हे कोणीतरी विचारलं असतं, आणि ते सरांपर्यंत गेलं असतं. मी म्हटलं, "नाही काकू, काही फरक पडत नाही."

तो अख्खा हिवाळा मी फॉर्मवर लिहीत राहिले — जागा: शाळेचं छत. जवळ धूर: नाही. कागद काजळीसारखे काळे निघायचे. एकदा सरांचा फोनही आला, इतका काळा कसा, जवळ चूलबिल नाही ना? मी म्हटलं, नाही सर. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

वस्तीची जुनी तक्रार होती की संध्याकाळी कारखान्यांच्या बाजूने उग्र वास येतो, घसा धरतो. निकाल सांगायला शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. पडद्यावर देशाचा रंगीत नकाशा, मग आपला भाग, मग ही वस्ती. इथल्या धुळीत सगळ्यात मोठा वाटा लाकडाच्या धुराचा. आलेले साहेब म्हणाले, तुम्ही कारखान्यांना बोल लावता, पण धूर तर तुमच्याच घरातला आहे. माणसं खाली बघायला लागली. मी मागे प्रोजेक्टरची वायर धरून उभी होते.

 आठवड्याभरात सून स्वराला घेऊन मांजर्लीला माहेरी गेली. काकूंनी बंब मोडीत दिला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी थंड पाण्याने आंघोळ करू लागल्या. मशीन काढून न्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बरा झाला तू मशीन लावली. नायतर मना कधी समजलाच नसता. माज्या हातानीच पोरीला दमा लावला गं मी."

मी म्हटलं, असं नका म्हणू काकू. बस्, एवढंच.

बंबाचा धूर काही चांगला नसतोच — या वाक्यामागे मी पुष्कळ दिवस लपून पाहिलंय. पण त्या काळ्या कागदांनी वस्तीची हवा सांगितलीच नव्हती, एका बंबाची सांगितली होती. स्वराच्या छातीत कुठला धूर होता? बंबाचा, रस्त्याचा, की कारखान्यांचा? कोणालाच ठाऊक नाही. तेच शोधायला मला पाठवलं होतं.

वस्तीची तक्रार निकाली निघाली. मी आता ऑफिसात असते, नव्या मुलांना मशीन कुठे ठेवावं ते शिकवते. ते माझ्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही, असं सर म्हणतात.

मध्यंतरी बदलापूर स्टेशनबाहेर काकूंचा मुलगा भेटला. स्वरा सणासुदीला घरी येते, म्हणाला. पण काकू तिला जवळ घेत नाहीत. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून दाराच्या पलीकडे बसतात आणि तिथूनच बोलतात — अंगाला अजून धूर असेल म्हणून. मी त्याला म्हटलं, काकूंना नमस्कार सांगा.