आधी तुमचं रक्त

धुरपदाबाई कुठल्याही पुरुषाला पहिल्या भेटीत नमस्कार करत नसे. ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, "रक्त तपासलं का?" समोरचा डॉक्टर असो, संस्थेचा अध्यक्ष असो, पत्रकार असो की रिक्षावाला, सवाल एकच. बहुतेक जण आधी हसत, मग इकडेतिकडे बघत आणि शेवटी चिडत. माणूस चिडला की तिला फार बरं वाटायचं. "म्हंजे न्हाई तपासलं," असं म्हणून ती पिंक टाकायला बाहेर जायची.

मलाही तिने हेच विचारलं. लातूरच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात चार वर्षं समुपदेशक म्हणून काढून मी नांदेडला बदलून आलो होतो. समुपदेशक म्हणजे लोकांना तपासणीआधी धीर द्यायचा आणि नंतर रिपोर्ट समजावून सांगायचा. धुरपदाबाई वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायांना दर सहा महिन्यांनी नांदेडच्या केंद्रात घेऊन यायची. कधीकाळी ती स्वतः त्याच धंद्यात होती. आता पन्नाशी उलटल्यावर एका संस्थेचं ओळखपत्र गळ्यात घालून निरोध वाटत फिरायची. पहिल्याच दिवशी तिने दहा-बारा बायांना बाकावर बसवलं, माझ्या टेबलापाशी आली आणि तो सवाल टाकला.

मी म्हणालो, "मला कशाला? मी तर इथं कामाला आहे."

"आचारी जेवत न्हाई का?" ती म्हणाली.

माझं लग्न ठरलेलं होतं. चार वर्षं मी दुसऱ्यांना तपासणीचं महत्त्व पटवून देत होतो आणि स्वतःच्या दंडाला एकदाही सुई लागू दिली नव्हती. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. ती समोरून हलेना, तेव्हा मी मुकाट्याने बाही वर केली. रिपोर्ट काय आला हे मात्र तिने विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. रिपोर्ट ज्याचा त्याचा, हे ती आमच्या काही साहेबांपेक्षा जास्त कसोशीने पाळायची.

पुरुषांविषयी तिचं मत एकंदरीत वाईटच होतं आणि ते बदलावं असं काही त्या केंद्रात घडत नव्हतं. आमच्याकडे रांगेत बाया असायच्या, गरोदर बाया असायच्या, क्षयाचे रुग्ण असायचे. वस्तीत जाणारे पुरुष कुठे असायचे? ते आपापल्या गावी, आपापल्या दुकानांत, शाळांत, कचेऱ्यांत बसलेले असायचे. चुकून एखादा आलाच तर मित्रासाठी माहिती विचारायला यायचा. असा मित्रप्रेमी माणूस दिसला की धुरपदाबाई बाकावरून मोठ्याने म्हणायची, "लई जीवाभावाचा दोस्त दिसून राहिला. दोघं एकाच अंगात राहता का?"

"गड्याला वाटतं, रोग बाईच्या अंगात उगवतो," असं ती म्हणायची. "अन् ती काय घरून घेऊन आली का रं? कुण्या भाड्यानंच आणून दिला की तिला!"

तिच्याशी माझं मोठं भांडण झालं ते माझ्या लग्नानंतर, कार्डांवरून. ती अक्कल माझी. दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणाऱ्या बायांचं कौतुक व्हावं, म्हणून मी त्यांना छोटी कार्डं करून दिली. त्यावर नाव नाही, नुसता नंबर, तपासणीची तारीख आणि खाली "नियमित तपासणी" असा हिरवा शिक्का. लॅमिनेशनही करून दिलं. साहेबांनी बैठकीत माझी पाठ थोपटली. बाया खूश होत्या. मी तर इतका खूश होतो की घरी बायकोला एक कोरं कार्ड दाखवायला घेऊन गेलो.

महिन्याभरात धुरपदाबाई आली आणि तिने पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर आपटला.

"हे घ्या तुमचे बिल्ले."

"का? काय झालं?"

"गिऱ्हाईक दारातच कारड मागून राहिलं. कारड बघतंय अन् म्हणतंय, तू तर साफ हायस, मग निरोध कामून? कोठा चालवणाऱ्या घरवाल्या बी त्येच म्हणून राहिल्या. ज्या पोरींनी दोन वर्सं बिगर निरोधाचा माणूस आत घेतला न्हाई, त्या आता मान खाली घालून गप बसतात. तुम्ही त्यांच्या तोंडातला नकार काढून घेतला, सर."

मी तिला समजावायला लागलो की असा काही आमचा उद्देश नव्हता. ती म्हणाली, "कारडावर तारीख सोमवारची. मंगळवारी जो आला, त्याचं काय? बुधवारी आला, त्याचं? त्यांचे बिल्ले कुठं हायेत?" संसर्ग झाल्यानंतर तो तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, कधी त्याहून जास्त, हे मी रोज दहा माणसांना सांगत होतो. तरी मीच असला शिक्का करून दिला होता, ज्याचा अर्थ कुणीही "बिनधास्त या" असा लावावा. त्याच दिवशी मी कार्डं बंद केली. साहेबांना ते आवडलं नाही. पण हिरवा शिक्का वस्तीत ज्याने त्याने पाहून घेतला होता आणि त्यात हदगावचा एक शेठही होता.

हा शेठ बी-बियाण्यांचा दुकानदार. दर पंधरा दिवसांनी खरेदीच्या नावाखाली नांदेडला यायचा आणि सविताकडे जायचा. सविता हे तिचं खरं नाव नाही. तिशीची, रेणापूरकडची, अंगाने किरकोळ, बोलायला हळू. तिच्यावर धुरपदाबाईचा फार जीव होता. शेठने सविताचं कार्ड पाहिलं आणि त्याच्या मनात एकदम संसार जागा झाला. तो म्हणाला, लातूरला खोली घेऊन देतो, धंदा सोड, माझी म्हणून राहा. मात्र आतापासूनच निरोध बंद. नवरा-बायकोत असलं काही असतं का? सविताला खोलीपेक्षा लातूरचा मोह पडला. तिथून रेणापूर हाकेच्या अंतरावर, आईला भेटता आलं असतं. ती हो म्हणायच्या बेतात आली.

धुरपदाबाईने तिला केंद्रात आणून माझ्यासमोर बसवलं. "जा की लातूरला. मी कुठं न्हाई म्हणते? पर आधी त्याचं रक्त."

सविताने तसं शेठला सांगितलं. शेठ आधी दुखावला. "मी घरंदाज माणूस, माळकरी. मला कशाला तपासणी?" मग पुढच्या खेपेला त्याने छातीठोकपणे एक कागद आणून दिला. लातूरच्या कुठल्याशा खासगी लॅबचा छापील रिपोर्ट होता. सविताला वाचता येत नव्हतं. ती पदरात कागद धरून, हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. सोबत धुरपदाबाई होतीच.

मी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा साखरेचा रिपोर्ट आहे," मी म्हणालो. "मधुमेहाचा. आणि साखरही वाढलेली आहे."

धुरपदाबाई इतकी हसली की शेजारच्या खोलीतून नर्सबाई बघायला आल्या. "गोड माणूस गावला गं तुला, सविते! बायकोला तरी खरा कागद दाखवला असंल का ह्या मुडद्यानं?" सविता हसली नाही. तिने कागदाची नीट घडी घातली आणि मला विचारलं, "सर, सोमवारी त्यांना इथं आणलं तर घ्याल का रक्त?"

सोमवारी शेठ खरंच आला. तोंडाला मास्क, वरून रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. दवाखान्यात इतका झाकलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. चिठ्ठी काढताना त्याने खोटं नाव सांगितलं. ते चालतं, आम्ही कुणाचा दाखला मागत नाही. मी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं की रिपोर्ट तुम्हालाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. काही निघालंच तर गोळ्या फुकट मिळतात, रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. तो मान हलवत होता. तंत्रज्ञाने त्याच्या दंडाला रबरी नळी बांधायला घेतली तसा तो उठला. "गाडी नो पार्किंगमधी हाय, बाजूला लावून येतो," म्हणाला. त्याने रक्त दिलंच नाही, तेव्हा त्याचं कुठलंही गुपित जपायची जबाबदारी माझ्यावर नाही. म्हणून स्वच्छ सांगतो, तो हदगावच्या एसटीने आला होता आणि एसटीनेच गेला.

सविता बाकावर बसून राहिली. प्रत्येक रिक्षा थांबली की मान वर करायची. दुपारी आमची जेवणाची सुट्टी झाली तरी ती उठेना. धुरपदाबाईने तोवर शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. "घरंदाज म्हणं! सुईला भिऊन पळालं की गं ते बेणं. देवानं वाचिवलं तुला. काय की कसला रोग घेऊन फिरून राहिलं."

मलाही तसंच वाटत होतं. पोरगी वाचली, आपण जिंकलो, असं काहीसं. मी तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणालो, "बरं झालं सविता. उद्या त्याच्यात काही निघालं असतं तर?"

सविताने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"निघालं असतं तरी गेले असते, सर," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, गोळ्या मिळत्यात. रोज माझ्या हातानं दिली असती गोळी. निरोध बी वापरला असता जनमभर. त्यांनी माझ्यासाठी एकदा हात पुढं करायचा होता, येवढंच."

मी धुरपदाबाईकडे पाहिलं. तिने चहाचा कप सविताच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी टेकली. आता धुरपदाबाई या जगात नाही, पण तिचं नाव निघालं की मला तिच्या शिव्यांच्या आधी ते बसणं आठवतं. त्या दिवशी, माझ्याकडे न बघता, ती हळूच म्हणाली, "मी बी गेले असते गं."